‘पडीक’ लिहिण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

कारखान्यात पर्यावरण विभाग मिळाला आणि शब्दांची यादी बघूनच धडकी भरली, असं तू लिहिलंस. बीओडी आणि सीओडी (सांडपाण्यातली घाण जिरवायला जिवाणूंना, आणि रसायनांनी जाळायला, किती ऑक्सिजन लागतो याची मापं), कन्सेंट (प्रदूषण मंडळाची संमती) हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडेल. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या, ऑपरेटरजवळ रोज थोडा वेळ उभं राहा. बीओडीचा निकाल यायला तीन दिवस जातात, सीओडीचा काही तासांत येतो. म्हणून बिघाडाची चाहूल आधी सीओडीच देतो, हे तो तुला माझ्यापेक्षा नीट दाखवेल.

मला बोलायचंय ते ‘बेसलाईन’बद्दल. प्रकल्प येण्याआधी जागा कशी होती, त्याची ही नोंद. पर्यावरणावरचे परिणाम तपासण्याच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या अभ्यासात ही माहिती बहुधा पावसाळा सोडून एका हंगामात गोळा करतात. हवा मोजायला ते योग्यच, कारण पावसात धूळ बसून जाते. पण कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, हाच हंगाम आपल्याला फसवतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर मी मार्चमध्ये पाहणी केली. काळा, तापलेला जांभा आणि वाळलेलं गवत. मी लिहिलं, ‘जमीन पडीक, वनस्पती विरळ.’ अहवाल गेला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या कामासाठी तिथूनच जाताना गाडी थांबवली, तर पाऊल टाकायला जागा नव्हती. पांढरे गेंद, पिवळा कवला, आणि निळीजांभळी सीतेची आसवं. ही आसवं मातीत पोषण नाही म्हणून इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून जगतात. दीपकाडी नावाचं छोटं कंदाचं झाड तर पहिल्या पावसातच फुलून जातं, ते मला तेव्हाही चुकलं. ‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द मला परीक्षेसाठी पाठ होता. या पट्ट्याबाहेर जगात कुठेच नसलेलं झाड आपण एका ओळीत पुसू शकतो, हे त्या दिवशी कळलं. ती ओळ मला अजून बोचते.

‘हरितपट्टा’, म्हणजे कारखान्याभोवती लावायची झाडं, लिहितानाही जपून. सड्यावर खड्डे खणून, बाहेरची माती ओतून अकेशिया लावला तर कागदावर हिरवळ वाढते आणि खालचा सडा मरतो. शिवाय जांभ्यातून मुरलेल्या पाण्यावर खालच्या वाडीचे झरे असतात, ते कुठल्या रकान्यात बसवणार? नुकसान आधी टाळायचं, मग कमी करायचं, मग जागा पूर्ववत करायची, आणि काहीच उरलं नाही तरच भरपाईचं बोलायचं, असा क्रम आहे. बैठकीत लोक थेट भरपाईवर येतात. तू पहिल्या पायरीवर अडून बस. प्लॉटचा आराखडा कागदावर आहे तोवर शेड पन्नास मीटर सरकवता येते.

आणि ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवही अर्धवट असली तर गुरं चारणाऱ्यांना विचार. सड्यावरच्या कुठल्या खळग्यात पाणी कधीपर्यंत टिकतं, हे त्यांना ठाऊक असतं.

तुमच्या विस्ताराच्या जागेचा अहवाल डिसेंबरात जायचाय म्हणतेस ना? मग जूनअखेरीस एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा सड्यावर जायची परवानगी आजच माग. जूनच्या फेरीला मी येते. दीपकाडी बघायची राहिलीय.

तुझी,
मावशी