विंचवाच्या विषावर बीपीची गोळी कशी काय चालते?

तुम्ही विचारलंय की भातकापणीत आईला लाल विंचू चावला, घाम फुटला, हातपाय गार पडले, आणि दवाखान्यात बीपीची गोळी देऊन रात्रभर उठूही दिलं नाही, ते का?

मी रत्नागिरी जिल्ह्यात मेडिकल चालवतो. डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. ती गोळी प्राझोसिन असणार, आणि ती विषाला हातसुद्धा लावत नाही.

या विषामुळे मज्जातंतू भडकतात आणि शरीर स्वतःचंच ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन बेसुमार सोडत राहतं. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर अल्फा-वन नावाचे रिसेप्टर असतात. ही रसायनं तिथे बसली की वाहिनी आवळते. सगळीकडच्या वाहिन्या एकदम आवळल्या की हातपाय गार पडतात, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. माणूस दगावतो तो बहुतेक यानेच.

प्राझोसिन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण वाहिनीला आवळायला सांगत नाही. गणपतीच्या गर्दीत खिडकीतून एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. जागा अडली, बसलं कोणीच नाही. मात्र ही अडवणूक टिकाऊ नसते. औषधाचा रेणू सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि ॲड्रेनलिनचा मारा चालूच असेल तर जागा त्याला मिळते. म्हणून एका गोळीवर भागत नाही. साधारण दर ३ तासांनी देतात, हातपाय पुन्हा गरम होईपर्यंत. नुसतीच ठणक असेल, घाम-गारठा नसेल, तर प्राझोसिन लागतही नाही.

ही उपचारपद्धत आपल्या कोकणात उभी राहिली, याचा मला मनापासून अभिमान आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड-बिरवाडी भागात असे रुग्ण डोळ्यांदेखत जाताना पाहिले आणि १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात २५-३० दगावत, नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचवाचं प्रतिविषही मिळतं, ते थेट विषालाच पकडतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्या अभ्यासात दोन्ही मिळून दिल्यावर रुग्ण लवकर सावरले.

राहिलं उठू न देण्याचं. आपण उभे राहतो तेव्हा पायातल्या वाहिन्या याच अल्फा-वनमुळे आवळतात, म्हणून रक्त खाली साचत नाही. ती जागा औषधाने अडवलेली असताना आई उठली असती, तर बीपी धाडकन उतरून चक्कर आली असती. पहिल्या डोसनंतर हा धोका सगळ्यात जास्त. लघवीला अडथळा होतो म्हणून आजोबा मंडळींना टॅम्सुलोसिन देतात, तेही अल्फा-वनच अडवतं. घरात कोणी ते घेत असेल आणि त्यालाच विंचू चावला, तर दवाखान्यात पोचल्याबरोबर गोळीचं नाव सांगा. आणि आईच्या उरलेल्या गोळ्या असतील तर पुढच्या वेळी घरच्या घरी देऊ नका, सरळ गाडी काढा.