माळकरी घरातली लेक आणि करडी खार

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये कंब्रियात नर्स आहे. तिथले गावकरी तांबड्या खारी वाचवायला सुटीच्या दिवशी जंगलात जातात, म्हणून तीही जायला लागली. परवा फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं, की करड्या खारी पिंजऱ्यात धरून मारतात. आमचं घर माळकरी. रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली तिला मारायचं, हे ऐकून सासूबाईंनी पुढचं ताट सारलं. एका खारीसाठी दुसरीचा जीव घेणं योग्य कसं? मुलीला जाऊ नको म्हणू का? मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत.
— एक वाचक, मंचर

उत्तर : ताई, तुम्ही मंचरच्या आणि मी घोडेगावची. कंब्रियातच पेनरिथजवळच्या एका खेड्यात राहून मला १९ वर्षं झाली आणि त्यातली ११ वर्षं मी तांबड्या खारी वाचवायचं हेच काम करते आहे. माझ्या माहेरीही माळ आहे. त्यामुळे सासूबाईंनी ताट का सारलं, ते मला वेगळं सांगायला नको. मारणं हे मारणंच. त्याला गोड नाव देऊन मी तुमची समजूत काढणार नाही.

पण आधी एक गोष्ट सांगते. आमच्या परसात बर्चच्या झाडाला खाऊची लाकडी पेटी टांगलेली आहे. वरचं झाकण खारीने डोक्याने उचलायचं आणि आतली हेझलनट काढायची. एका सप्टेंबरात सकाळी पेटीखाली तांबडी खार बसलेली दिसली. मी चार पावलांवर गेले तरी ती हलेना. डोळे खपल्यांनी मिटलेले, ओठ सुजलेले, पुढच्या पायांच्या बोटांवर ओले फोड. दाणा तोंडाकडे न्यायची आणि तो खाली पडायचा, परत चाचपून उचलायची. दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी मेलेली सापडली. हा स्क्विरलपॉक्स. करड्या खारी तो विषाणू अंगावर वागवतात, त्यांना सहसा काही होत नाही. तांबडीला झाला की बहुधा पंधरा दिवसांत खेळ संपतो. लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्मबीचं पाइनचं रान आहे, तिथे २००८ च्या साथीत दहातल्या आठाहून जास्त तांबड्या खारी गेल्या.

करडी मूळची उत्तर अमेरिकेची. १८७६ मध्ये चेशायरमधल्या हेन्बरी पार्कात एका जमीनदाराने शोभेसाठी ती सोडली, मग इतरांनीही तेच केलं. अंगाने ती तांबडीच्या जवळजवळ दुप्पट, आणि ओकची फळं हिरवी असतानाच पचवते. तांबडीला ती नीट पचत नाहीत, त्यामुळे ती पिकायची वाट बघेपर्यंत झाड रिकामं झालेलं असतं. आज ब्रिटनमध्ये करड्या २५ लाखांहून जास्त आहेत. तांबड्या तीन लाखांच्या आत, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये. यात करडीचा काही गुन्हा नाही. तिला आणून सोडणाऱ्या माणसांचा आहे, आणि निस्तरायचं आपल्याला आहे.

धरून लांब नेऊन सोडता येणार नाही का, हे मीही आमच्या गावच्या गटाच्या पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. पकडलेली करडी परत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. आणि सोडली तरी रोग दुसऱ्या जंगलात जाणार. पिंजरा लावणाऱ्याने तो रोज बघावाच लागतो, तांबडी अडकली असेल तर तिथल्या तिथे सोडतात. करडी असेल तर ते काम शिकलेला माणूसच तिला मारतो, चटकन. आमच्याकडे हे काम करतो तो म्हातारा शेतकरी आहे. त्या दिवशी तो कोणाशी फारसं बोलत नाही.

याने काही साधतं का, हेही तुमच्या मनात असेल. वेल्सच्या अँगलसी बेटावर १९९८ च्या सुमाराला तांबड्या खारी चाळीसेक उरल्या होत्या. गावकरी आणि संशोधकांनी सतरा-अठरा वर्षं चिकाटी धरली, सगळ्या करड्या हटवल्या. आता तिथे तांबड्या सातशेच्या वर आहेत. मात्र पुलांवरून करड्या परत येतात, म्हणून पहारा चालूच आहे. न मारता काही होईल, अशी आशाही आहे. पाइन मार्टन म्हणून मांजराएवढा झाडावर चढणारा शिकारी प्राणी आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये जिथे तो परत वाढला, तिथे करड्या घटल्या आणि तांबड्या सावरल्या. करड्यांसाठी खाण्यातून संततिनियमनाचं औषध देण्यावरही सरकारी संशोधन चालू आहे. ते लवकर हाती यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता लेकीचं. तिला अडवू नका. पिंजऱ्याचं काम नको, असं तिने गटात सरळ सांगावं. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि आजवर कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. बाकी कामाला तोटा नाही. दर आठवड्याला पेट्या उतरवून घासायच्या, जंतुनाशकाने धुवायच्या, वाळवून परत टांगायच्या, कारण एकाच पेटीत दहा तोंडं जातात आणि रोग तिथूनही पसरतो. आजारी खार दिसली तर त्याच दिवशी पेटी काढून ठेवायची आणि गटाला कळवायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावतात, तिला चिकटलेल्या केसांवरून कोण येऊन गेलं ते कळतं. ती नर्स आहे म्हणता, तर तिच्याइतकी स्वच्छ पेटी कोण धुणार? सासूबाईंना हे सांगा. पिंजऱ्याचंही सांगा, त्यांच्यापासून लपवू नका.

भीमाशंकरला शेकरूचा असा कोणी परका वैरी नाही. तिथे झाडाला झाड लागून राहिलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं. लहानपणी आम्ही ती वरून उडी मारताना बघायचो, आणि मान दुखली तरी कोणी खाली बघत नसे. इथे पहिली तांबडी खार दिसली तेव्हा मला तीच आठवली होती.

मे महिन्यात याल तेव्हा शेंगदाणे टाकू नका, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. तांबडीच्या कानावरचे लांब झुपके उन्हाळ्याकडे विरळ होत जातात आणि उन्हाळ्यात करडीच्या अंगावरही तांबूस झाक येते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. करडीच्या शेपटीला कडेने पांढरी झालर असते, तांबडीच्या नसते. दोन्हींपैकी कोणतीही दिसली तर जागा आणि वेळ लेकीला सांगा, ती नोंद करेल.