झोपेत दात खातो, नाइट गार्ड बसवून भागेल का?

तुम्ही लिहिलंय की झोपेत दात करकर वाजतात असं बायको सांगते, सकाळी जबडा आखडलेला असतो आणि डॉक्टरांनी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, सुचवलाय. गार्ड घ्याच. पण आधी बायकोला विचारा, तुम्ही घोरता घोरता मध्येच गप्प होऊन मग घुसमटल्यासारखा श्वास ओढता का?

हे विचारायला आम्हाला फार उशीर झाला. बाबा दात खायचे, तेव्हा आजीचं ठरलेलं निदान होतं, पोटात जंत. घोरणं म्हणजे तर गाढ झोप! मग त्यांची दाढ चिरली. रूट कॅनॉल झालं, कॅप बसवली, ती वर्षाच्या आत फुटली. नवीन डॉक्टरीणबाईंनी आधी जीभ बाहेर काढायला लावली. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते. रात्री लघवीला किती वेळा उठता, दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते का, बीपी आहे का, हे सगळं त्यांनी विचारलं. दाढेसाठी गेलेल्या माणसाला! स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत, तासाला 34 वेळा श्वास अडकत असल्याचं निघालं. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, 30च्या वर गेलं की तो गंभीर धरतात.

झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि त्याच वेळी काहींचे जबडे आवळले जातात. शिवाय तोंड उघडं राहून लाळ सुकते. दातांवरचं आम्ल धुऊन काढते ती लाळच. म्हणून दोनदा ब्रश करूनही बाबांच्या हिरड्यांलगत कीड लागत होती.

दात खाणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं नाही. ताण, दारू, सिगारेट, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही दात खाल्ले जातात. पण श्वास अडत असेल तर साधा गार्ड फक्त दातांची झीज वाचवतो, काहींचा श्वास त्याने आणखी अडतो. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण वेगळं असतं, ते सौम्य किंवा मध्यम त्रासात चालतं. बाबांना सीपॅप मशीन लागलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं.

बायकोला रात्री तुमचा पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा. तो दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांनाही.

बाबांची दुसरी कॅप चार वर्षं शाबूत आहे. करकर अजून अधूनमधून ऐकू येते असं आई म्हणते, म्हणून मशीनच्या जोडीला डॉक्टरांनी करून दिलेला गार्डही ते रोज लावतात.