ग्रीसचा कारागुनिस एवढा मोठा फुटबॉलपटू होता, तर २००४ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये तो का दिसत नाही?

दिसणार कसा? सेमीफायनलला चेक रिपब्लिकविरुद्ध पिवळं कार्ड घेऊन बसला आणि फायनलसाठी सस्पेंड झाला. वास्तविक त्या स्पर्धेतला पहिलाच गोल त्याचा. १२ जूनला पोर्तोत, यजमान पोर्तुगालसमोर सातव्या मिनिटाला चुकलेला पास पकडला, दोन पावलं पुढे आला आणि बॉक्सच्या बाहेरूनच जमिनीलगत फटका हाणला. ग्रीस २-१ ने जिंकला. पुढे ४ जुलैला लिस्बनमध्ये त्याच पोर्तुगालला हरवून कप उचलला, तेव्हा हा गडी मैदानाबाहेर!

बाकी क्लब करिअर थोडक्यात: पानाथिनाइकोस, इंटर मिलान (तिथे जम काही बसला नाही), बेनफिका, परत पानाथिनाइकोस, तिथे २०१० मध्ये लीग आणि कप दोन्ही, आणि शेवटी फुलहॅम. देशासाठी १३९ सामने, ग्रीसचा विक्रम.

पण तुम्हाला खरा कारागुनिस बघायचा असेल तर २०१२ च्या युरोमधली रशियाविरुद्धची मॅच बघा, वॉर्सामधली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, मी टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. ग्रीसला जिंकणं भाग होतं. हाफटाइमच्या तोंडावर एक थ्रो-इन आला, रशियाच्या इग्नाशेविचचं डोकं लागून बॉल मागे गेला आणि पस्तिशीचा कारागुनिस तिथे धावत पोहोचला. गोल! त्याच दिवशी त्याने ग्रीसचा जुना कॅप्टन झागोराकिस याच्या देशासाठीच्या १२० सामन्यांची बरोबरी केली होती.

दुसऱ्या हाफमध्ये तो रशियाच्या बॉक्समध्ये पडला. मला तरी ती सरळ पेनल्टी वाटली. रेफरीने नाटक म्हणून उलट त्यालाच पिवळं दाखवलं. म्हणजे पुन्हा सस्पेंड, क्वार्टरफायनल गेली! तो रेफरीसमोर पुन्हापुन्हा छातीवर क्रूस काढत होता, देवाशपथ सांगतो म्हणावं तसा. पण फाऊल काढून घेण्यात त्याचा हातखंडा होता. एवढी वर्षं जो सहज पडत आला, तो एकदा खरंच पडला तर कोण विश्वास ठेवणार? (हे माझं मत. ग्रीक लोक भांडतील.)

ग्रीस १-० ने जिंकला आणि पुढच्या फेरीत जर्मनीकडून ४-२ ने हरला. कॅप्टन कारागुनिस अर्थातच बाहेर बसून.