रंधा चालवायचा, पण कुठे आणि किती?

प्रश्न: नमस्कार दादा, आमच्या बाथरूमचं लाकडी दार फुगलंय, लावताना खांदा द्यावा लागतो. वडिलांचा जुना रंधा माझ्याकडे आहे, माझं सगळ्यात लाडकं हत्यार! त्यानंच कड तासून टाकू का? आणि किती तासायचं?

उत्तर: तासा, पण आज नको. आधी दार अर्धं उघडून कडीच्या बाजूनं वर उचलून बघा. खालीवर हललं तर दार फुगलेलं नाहीये, लोंबलंय, वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. काड्यापेटीच्या काड्या गुल काढून, डिंकात बुडवून त्या भोकांत ठोसा, सुकू द्या आणि मग स्क्रू आवळा. निम्मी दारं इथंच सरळ होतात आणि आपण उगाच रंधा घेऊन मागे लागलेलो असतो.

हललं नाही तर मग खरंच फुगलंय. लाकूड ओल पिऊन रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाहीच, म्हणून उभ्या कडाच जास्त घासतात. दार लावून फटीतून कागद फिरवा, जिथे अडकेल तिथे पेन्सिलची खूण, आणि तासायचं तेवढंच. कुलपाची पट्टी आधी काढा, नाहीतर पात्याला खांडा पडलाच म्हणून समजा.

पात्याला धार काढून घ्या आणि ते अगदी केसभर बाहेर ठेवा. बरोबर बसलं की सर्र आवाज येतो आणि कागदासारखं सालपट गोल गुंडाळत वर येतं, त्या आवाजासाठी तर आपण हे सगळं करतो ना! खडखड झाली किंवा ढलपे उडायला लागले तर लाकडाच्या रेषांच्या उलट चाललात, दिशा बदला. खालची कड तासायची असेल तर दोन्ही कोपऱ्यांकडून मधे या, सरळ आरपार गेलात तर शेवटचा कोपरा फुटतो.

किती? चार हात मारा, दार लावून बघा, परत चार. मी एकदा पावसाळ्यात जोशात येऊन दार एकदम मोकळं चालेपर्यंत तासलं, उन्हाळ्यात ते आकसलं आणि फटीतून बोट जायला लागलं, शेवटी पट्टी चिकटवायची वेळ आली. दमट दिवसांत तासताय तर थोडं घट्टच सोडा.

आता खरं काम, जे सगळे विसरतात. तासलेली कड म्हणजे उघडं लाकूड, तसंच ठेवलंत तर पुढच्या वेळी दुप्पट पाणी पिईल. दार आतून वाळू द्या, मग सगळ्या कडांना प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. खालच्या कडेला तर नक्कीच, ती कुणाला दिसत नाही म्हणून कोरीच राहते आणि फरशीवरचं पाणी नेमकं तिथूनच वर चढतं.

प्रश्न: दार एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं असेल तर?

उत्तर: मग रंधा पेटीतच राहू दे. एमडीएफ एकदा पाण्यानं फुगलं की वाळून परत जागेवर येत नाही, तासाल तसा भुसा निघत राहतो. दार बदला.