बाबांना बाइकवरून नातवंडांकडे जायचंय, नाही म्हणायच्या आधी हे बघा

वडील सत्तरीतले, तुमच्याकडे परदेशात व्हिजिटर व्हिसावर आलेत, बहीण देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि आता ते म्हणतायत विमान नको, बाइक भाड्याने घेतो आणि नातवंडांना भेटून येतो. घरात रोज वाद होतायत असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं नुसतं वय बघून नाही म्हणू नका. इथे आल्यापासून साधं दूध आणायचं तरी तुम्ही गाडी काढायची वाट बघावी लागते, जन्मभर स्वतः फिरलेल्या माणसाला ते फार लागतं हो, त्यांना कुठेतरी स्वतःचं स्वतः पोचायचंय.

पण कागद आधी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातल्या आरटीओकडूनच काढावं लागतं, ते जास्तीत जास्त 1 वर्ष चालतं आणि त्यात मोटरसायकलची कॅटेगरी आहे ना ते डोळ्यांनी बघा, नुसती कारची असेल तर उपयोग नाही. मूळ लायसनही सोबत हवंच, आणि त्याची तारीख तपासा कारण पंचावन्नच्या पुढे भारतात ते 5-5 वर्षांसाठीच रिन्यू होतं. मग इन्शुरन्स, आणि इथेच बरेच जण फसतात. व्हिजिटर पॉलिसीत बाइकचा अपघात बऱ्याचदा धरतच नाहीत किंवा ठराविक सीसीपर्यंतच धरतात, म्हणून कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवर "हो हो चालेल" म्हणाले तर त्यावर जाऊ नका. भारतातलं आयएसआयचं हेल्मेटही सगळीकडे चालत नाही, युरोपात ईसीई आणि अमेरिकेत डॉट हा तिथला सुरक्षेचा मार्क लागतो, म्हणून तुम्ही राहता तिथेच मापाचं घ्या.

डॉक्टरांना "फिट आहेत का" एवढंच विचारू नका, गोळ्यांची यादी समोर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर डोक्याला साधा मार लागला तरी तो गंभीर होऊ शकतो, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि वाऱ्यात तहान लागल्याचं कळत नाही, डायबेटिसवाल्यांची साखर अचानक उतरू शकते, सर्दीच्या गोळीने झोप येते. हे सगळं बाबांसमोरच बोला, त्यांच्या पाठीमागे नको.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रस्त्याच्या बाजूची. अमेरिका, कॅनडा, जर्मनीत गाड्या उजवीकडून चालतात, आणि चूक भर ट्रॅफिकमध्ये होत नाही कारण तिथे समोरच्याच्या मागे जाता येतं, चूक होते सकाळी निघताना, पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर वळताना, जुनी सवय तिथे हात फिरवते. त्यामुळे आधी आठ-दहा दिवस घराजवळ चालवू द्या, तुम्ही मागून कार घेऊन जा, डावं वळण आणि राउंडअबाउट पुन्हा पुन्हा करून घ्या, आणि त्यात जमत नसेल तर ते त्यांना स्वतःलाच कळेल, तुम्हाला भांडायला लागणार नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात असाल तर ही अडचण नाही, तिथे आपल्यासारखंच डावीकडून.

रोज चार-पाच तासांच्या वर नको, अंधार पडायच्या आत मुक्काम, दर तासाला थांबून पाणी. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा पण चालवताना फोन करू नका, ते थांबले की तेच फोन करतील असं ठरवा. आणि बाइक बहिणीच्या गावात सोडता येते का ते बुक करतानाच विचारा, वन-वेचे पैसे जास्त पडतात पण येताना त्यांना विमानाने येता येईल.