पाय सकाळी, कडे संध्याकाळी: कॅपिटल रीफचा एक दिवस

तुमचा बेत असा आहे: सप्टेंबरचा दुसरा आठवडा, सॉल्ट लेक सिटीहून भाड्याची सेडान, सोबत भारतातून आलेले आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅपिटल रीफ नॅशनल पार्कची सीनिक ड्राइव्ह (पार्कातला देखाव्यांचा रस्ता), फ्रुटा या पार्कातल्या जुन्या वस्तीतला घरगुती पाय (pie, म्हणजे पारीत फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि मग हायवे १२ ने ब्राइस कॅन्यन हे दुसरं नॅशनल पार्क, हे सगळं एका दिवसात बसेल का?

बसतं, पण सॉल्ट लेकहून सकाळी निघून नाही. ते अंतर साधारण सव्वादोनशे मैल, म्हणजे साडेतीन-चार तास. आई-बाबांबरोबर दोन थांबे धरले की तुम्ही दुपारी एकच्या पुढे पोचणार. तोवर पाय संपलेले असतात, ऊन डोक्यावर असतं आणि हायवे १२ चा सगळ्यात अवघड तुकडा अंधारात करायची वेळ येते.

इथे तीन गोष्टींच्या वेळा जुळत नाहीत. पाय सकाळचा. सीनिक ड्राइव्हवरचा उजेड संध्याकाळचा, कारण रस्ता वॉटरपॉकेट फोल्ड नावाच्या खडकांच्या लांबलचक रांगेच्या पश्चिम पायथ्याने जातो आणि पश्चिमेकडे तोंड केलेले ते लाल कडे सकाळी सावलीत असतात. आणि हायवे १२ मात्र दिवसाउजेडीच करायचा. म्हणून पार्कजवळच्या टोरी गावात दोन रात्री राहा. ते जमणारच नसेल तर आदली रात्र टोरीला काढा, पाय आणि सीनिक ड्राइव्हलगतच्या अरुंद घळी सकाळी घ्या, कड्यांच्या संध्याकाळच्या फोटोंवर पाणी सोडा आणि दुपारी एकपर्यंत पार्कातून बाहेर पडा. पाय शेवटी बक्षीस म्हणून ठेवणारे लोक बहुतेक वेळा रिकामं कपाट बघून परततात.

टोरीहून व्हिजिटर सेंटर ११ मैल. पार्कात पेट्रोल मिळत नाही, फोनला रेंज जवळपास नाही. टाकी टोरीतच भरा आणि नकाशे आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा.

व्हिजिटर सेंटरपासून मैलभर आत गिफर्ड हाउस आहे. हे १९०८ सालचं शेतघर. गिफर्ड कुटुंब इथे १९२८ पासून १९६९ पर्यंत राहिलं, मग घर पार्ककडे गेलं. आता त्यात छोटं संग्रहालय आणि दुकान आहे. दुकान सकाळी आठला उघडतं, हिवाळ्यात बंद असतं. शुल्काची हद्द याच्या पुढे सुरू होते, त्यामुळे नुसता पाय घेऊन परत फिरलात तरी चालतं. हे पाय लहान, एका-दोघांना पुरतील एवढे असतात. फळं ऋतूप्रमाणे बदलतात. शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचा, इतर दिवशी थोडी सवड असते. (आईला आधीच सांगून ठेवा की हा फळांचा पाय आहे. ‘सकाळी उठून पाय खायला जायचंय’ हे वाक्य शाकाहारी घरात वेगळंच ऐकू येतं.)

शाकाहाराबद्दल नीट विचारा, कारण अडचण फळांत नसून पारीत असते. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या पायच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, वापरायची रीत आहे. शिवाय वरून अंड्याचा हात फिरवतात आणि क्रीमच्या पायात जिलेटिन असू शकतं. ‘व्हेजिटेरियन आहे का’ असं विचारलं की समोरचा माणूस फळांकडे बघून हो म्हणतो. त्यापेक्षा घटकांची यादी मागा आणि ‘लार्ड, अंडं, जिलेटिन’ हे तीन शब्द उच्चारून विचारा.

पाय सोबत नेणार असाल तर सीटवर ठेवू नका. सीट मागे उतरती असते, पहिल्याच वळणावर रस एका बाजूला जातो आणि पारी भिजते. पुढच्या सीटसमोर, पावलं टेकायच्या सपाट जागेवर ठेवा. तापलेल्या बंद गाडीत लोणी सुटतं, सारण पातळ होतं. फळांचा पाय बाहेर दोन दिवस टिकतो, दूध-अंड्याचा मात्र लगेच थंड ठेवावा लागतो. मायक्रोवेव्हमध्ये पारी चामट होते. ३५० फॅरनहाइटला दहा-पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलात तर पुन्हा कुरकुरीत होते.

गिफर्ड हाउसच्या आसपास मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या बागांचा वारसा अजून टिकून आहे, सुमारे दोन हजार झाडं. तुमच्या आठवड्यात पीच संपत आलेलं असतं, पेअर तुरळक आणि सफरचंदं सुरू. ज्या बागेवर तोडणी खुली असल्याची पाटी असेल तिथेच शिरा. बागेत उभं राहून खाल ते फुकट, बाहेर न्याल त्याचं वजन करून पैसे टाकायचे. फळ ओढू नका. तळहातात धरून वर उचला आणि किंचित पिळा, पिकलेलं असेल तर देठासकट हातात येतं. झाडावर चढायचं नाही, शिड्या ठेवलेल्या असतात.

आता रस्ता. सीनिक ड्राइव्ह डांबरी, जेमतेम ८ मैल, जाऊन त्याच वाटेने परत. गाडीमागे २० डॉलर, सात दिवस चालतात, वार्षिक पास असेल तर काही नाही. या रस्त्यावरून दोन कच्चे फाटे घळींत शिरतात: आधी ग्रँड वॉशचा, सव्वा मैलाचा, आणि डांबर संपतं तिथून पुढे कॅपिटल गॉर्जचा, दोन मैलांचा. कोरड्या दिवशी सेडान दोन्हीकडे आरामात जाते. पण भाड्याच्या गाडीचा करार वाचा. बऱ्याच करारांत कच्चा रस्ता म्हटलं की विमा लागू होत नाही. करार आड येत असेल तर ग्रँड वॉशला दुसऱ्या टोकाने, हायवे २४ वरून पायी शिरता येतं.

वेळ एकाच घळीला असेल तर मी कॅपिटल गॉर्ज सांगेन. १८८४ मध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी दगड हटवून इथून गाडीवाट काढली आणि १९६२ मध्ये हायवे २४ फ्रीमॉंट नदीच्या दरीतून नेईपर्यंत मोटारी याच घळीतून जायच्या. प्रत्येक पुरानंतर दगड पुन्हा उपसावे लागत. गाडी लावून पुढे चालायला लागलात की वाट म्हणजे सपाट रेती-गोट्यांचं ओढ्याचं पात्र आहे, बाबांच्या गुडघ्यांना चढ नाही. अर्ध्या मैलाच्या आसपास भिंतीवर उंचावर, १८७१ पासून इथून गेलेल्या लोकांची कोरलेली नावं आहेत. तिथून परत फिरा. पुढे पाण्याच्या नैसर्गिक टाक्यांकडे जाणारा चढ गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी नाही. भिंतीवर आपलं नाव कोरणं गुन्हा आहे, हे मुलं सोबत असतील तर आधीच सांगा.

पूर मात्र गंभीरपणे घ्या. आपल्याकडे ताम्हिणीत पाऊस म्हणजे डोक्यावर पडतो तो, आणि धबधबे बघायला गाडी काढायची हीच वेळ. इथे पाऊस वीस मैलांवर पडतो, तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि पाणी घळीतून तुमच्याकडे येतं. उघड्या खडकावर माती नाही, झाडोरा नाही, त्यामुळे पाणी मुरत नाही, सगळं एकदम खाली धावतं. जून २०२२ मध्ये ग्रँड वॉशमध्ये असाच लोंढा आला आणि गाड्या वाहून-अडकून पडल्या. जुलै ते सप्टेंबर हा इथला वळवाचा काळ, ढग बहुतेक दुपारी जमतात. घळी सकाळी करा म्हणतोय त्याचं अर्धं कारण हे आहे. निघण्यापूर्वी व्हिजिटर सेंटरच्या फळ्यावर त्या दिवसाचा पुराचा अंदाज बघा, शक्यता लिहिली असेल तर दोन्ही फाटे सोडून द्या. डांबरी रस्ताही जागोजागी कोरड्या ओढ्यांत उतरतो. तिथून पाणी वाहत असेल तर थांबा, फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं. लोंढा सहसा काही तासांत ओसरतो.

दोन रात्रींचा बेत केलात तर संध्याकाळी हीच ड्राइव्ह पुन्हा करा. सूर्यास्तापूर्वी तासभर आधी शिरा आणि सावकाश परत या. सूर्य मावळताना हायवे २४ जवळच्या सनसेट पॉइंटला जा, तिथली चाल थोडी आणि सोपी आहे. भर दुपार हॉटेलात झोपून काढा, किंवा किचन असलेली खोली घेतली असेल तर सकाळच्या सफरचंदांचा पाय करा.

नऊ इंची पायला तीन पौंड सफरचंदं, पाव इंच जाडीच्या फोडी, पाऊण कप साखर, लिंबाचा रस, चमचाभर दालचिनी, दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च. पारीला अडीच कप मैदा, दोन स्टिक (सुमारे २२५ ग्रॅम) थंड लोणी, चमचाभर मीठ, सहा-आठ मोठे चमचे बर्फाचं पाणी. लोणी हरभऱ्याएवढं राहील इतपतच चोळा. इथे पोळीची कणीक मळायची सवय नडते: मळलं की पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. गोळा जेमतेम जमला की थांबा, तासभर फ्रीजमध्ये ठेवा. टोरी ६,८०० फुटांवर आहे. हवा कोरडी, म्हणून पाणी चमचाभर जास्त लागू शकतं. पाणी सुमारे ९३ सेल्सियसलाच उकळतं, म्हणून फोडी मऊ व्हायला वेळ लागतो. ४२५ फॅरनहाइटला २० मिनिटं, मग ३७५ ला ४५ ते ६० मिनिटं, ओव्हनच्या खालच्या कप्प्यात. वरचा रंग बघून काढू नका. चिरांमधून दाटसर रस बुडबुडायला लागला की झाला. तळ कच्चा राहतो तो या घाईमुळेच. अंड्याऐवजी वरून दूध लावा आणि तीन तास गार होऊ द्या, नाहीतर पहिली फोड म्हणजे सूप.

हायवे १२ ला सकाळी किंवा फार तर दुपारी दोनपर्यंत लागा. टोरी ते ब्राइस सुमारे ११५ मैल, न थांबता अडीच-तीन तास, थांबत पाच. आधी बोल्डर माउंटन, माथा ९,६०० फुटांच्या आसपास. कुंपण नसल्यामुळे गुरं रस्त्यावर येतात आणि तिन्हीसांजेला हरणं. उतरताना गिअर लो वर टाका. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून पकड सुटते. बोल्डर गाव सोडलं की हॉगबॅक लागतो, दोन्ही बाजूंना दरी असलेली अरुंद धार, रस्त्याच्या कडेला मोकळी जागा नाही. इथे ड्रायव्हरने देखावा बघायचा नाही, थांबे आहेत तिथे उतरून बघा. मागे गाड्या जमल्या तर बगलेला होऊन जाऊ द्या. आई-बाबांपैकी ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, आणि दुसरा पाय ब्राइसला पोचेपर्यंत उघडू नका.

ब्राइससाठी एक गोष्ट: १ जानेवारी २०२६ पासून तिथे अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा लागतात. कॅपिटल रीफ त्या यादीत नाही. आई-बाबांचे दोघांचे २०० होतात. युटामधलंच झायन नॅशनल पार्कही करणार असाल तर परदेशी पाहुण्यांचा २५० डॉलरचा वार्षिक पास घेतलेला स्वस्त पडतो.